हायवेवरचे मरण नशिबाने येत नाही

आपल्या कित्येक वस्त्या हायवेला लागून आहेत. पुष्कळ ठिकाणी वस्ती आधीची, हायवे नंतरचा. घर अलीकडे, शाळा, रेशन, कामाचा नाका पलीकडे. आम्ही दवाखान्यात नर्स असताना डोके फुटलेली, मांडीचे हाड मोडलेली माणसे रात्री-अपरात्री यायची. नातेवाईक म्हणायचे, "सिस्टर, नशिबातच होतं." बंधू-भगिनींनो, तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. इथेही कारण आहे, म्हणून निवारणही आहे.

पहिले कारण वेग. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी 30 किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसली तर पायी चालणारा बहुतेक वेळा वाचतो. ताशी 80 च्या धडकेत क्वचितच वाचतो. तिथे डॉक्टरही हात टेकतात.

म्हणून उपाय रस्त्यातच करावा लागतो. स्वीडनच्या संसदेने 1997 साली धोरण ठरवले: माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण असू नये. तिथे समोरासमोर धडक होऊ नये म्हणून अनेक रस्त्यांच्या मधोमध तारेचे कठडे बसवले. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर 2016 पासून धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, देखरेख वाढवली. 2016 मध्ये तिथे 151 माणसे दगावली होती, 2019 मध्ये 92.

पण त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांना आणि दुचाकींना बंदी आहे. आपल्या दारातल्या हायवेवर तर आपणच पायी आणि दुचाकीवर असतो. तेव्हा आपली मागणी अशी हवी:

• लोक जिथून ओलांडतात तिथेच भुयारी मार्ग. उंच जिन्याचा पूल गरोदर बाई, म्हातारी माणसे चढत नाहीत. ती दुभाजकावरूनच जातात.
• वस्तीच्या आधी वेग कमी करणारे पट्टे आणि फलक.
• सर्व्हिस रोड, उंच फुटपाथ आणि रात्री चालू राहणारे दिवे.

मागणीला पुरावा लागतो. साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर राष्ट्रीय महामार्गावरची ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि तिथे दुरुस्ती करावी लागते. पण मोजले जातात ते पोलिसांत नोंदलेले अपघात. चार पैसे घेऊन जागेवरच मिटवले, तर सरकारदरबारी तो अपघात झालाच नाही.

म्हणून प्रत्येक अपघाताची नोंद करा. विहारात एक वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, काय झाले. त्या वहीसह जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतील कलम 198अ नुसार, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

अपघात झालाच तर 108 ला फोन करा; राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033. जखमीची मान हलवू नका, पाणी पाजू नका, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

जगण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. तो रस्ता ओलांडतानाही आपलाच आहे. जय भीम!