सिंहाच्या तोंडावर ठेवलेला हात

पत्ते हातात घेतलेल्या माणसाकडे आपण मराठी मध्यमवर्गीय मंडळी दोनच नजरांनी पाहतो. एक तर तो जुगारी, नाही तर भविष्य सांगणारा. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट चालतो, तेवढीच काय ती सूट. त्यामुळे 'टॅरो कार्ड वापरून मानसोपचार' हे शब्द कानावर पडले की सुशिक्षित घरातली भुवई वर जाते. जायलाच हवी. टीव्हीवर, मॉलमध्ये, आता मोबाइलवर, टॅरो म्हणजे लग्न कधी, बढती कधी आणि गेलेला माणूस परत येईल का. रस्त्यावरच्या ज्योतिषाचा पोपट गेला आणि गुळगुळीत रंगीत कार्डं आली, इतकाच फरक. या धंद्याबद्दल माझं मत चांगलं नाही आणि हा लेख वाचून तुमचं व्हावं अशी इच्छाही नाही.

मला सांगायचं आहे ते याच पत्त्यांच्या दुसऱ्या एका उपयोगाबद्दल. काही समुपदेशक हे पत्ते टेबलावर उताणे मांडतात. पालथे नव्हे, उताणे. समोरच्या माणसानं सगळी चित्रं पाहायची, त्यातलं एक उचलायचं आणि त्यात काय दिसतं ते सांगायचं. पुढे काय होणार हे कोणी कोणाला सांगत नाही. माझी एक भाची पुण्यात समुपदेशन करते. तिच्याकडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा 'यात पत्त्यांचं काय काम?' असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, तू कादंबऱ्या लिहितेस ना? मग तुला हे कळायला इतका वेळ का लागतोय?"

आधी या पत्त्यांची जन्मकुंडली पाहू. टॅरो इजिप्तच्या देवळांतून आला, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही कथा रचली ती आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं, १७८१ मध्ये. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंनं तिचं कोडं सोडवलं ते १८२२ मध्ये. म्हणजे खोटं ठरण्याची भीती नसलेला दावा तो! खरी हकिगत साधी आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या शहरांतल्या दरबारी मंडळींनी हात जिंकण्याच्या खेळासाठी हे पत्ते रंगवून घेतले. एकूण अठ्ठ्याहत्तर पत्ते. छप्पन्न पत्ते चार रंगांचे (पेले, नाणी, तलवारी, दंडुके) आणि वर बावीस हुकमाचे. त्या बावीसांत राजा, राणी, पोप, वेडा, संन्यासी, मृत्यू, सैतान, सूर्य, चंद्र अशी चित्रं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून हे पत्ते मुळात खेळायचेच होते हे दाखवून दिलं. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या एका जोडातले चौऱ्याहत्तर पत्ते आज शिल्लक आहेत. चार हरवले, त्यांत सैतान आणि कोसळणारा मनोरा हे दोघं आहेत. इतकी सोयीस्कर हरवाहरवी आमच्या बँकेच्या रेकॉर्ड रूममध्येसुद्धा होत नसे.

आज जगभर जो जोड सर्वांत जास्त दिसतो तो लंडनला १९०९ मध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, छपाई रायडर कंपनीची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तिशीतल्या चित्रकर्तीची. काही महिन्यांत तिनं सगळा गट्ठा काढून दिला. काम फार आणि पैसा अगदी थोडा, अशी तक्रार तिनं आपल्या एका परिचिताला पत्रातून केली होती. १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये कर्जात वारली आणि जोड मात्र 'रायडर-वेट' याच नावानं खपत राहिला. तिचं नाव त्याला जोडण्याची पद्धत पुष्कळ उशिरा पडली. पण उपचाराच्या दृष्टीनं पाहिलं तर खरी करामत या बाईचीच. तिच्या आधी सहसा पेल्याच्या पंजीवर नुसते पाच पेले असत. तिनं या छप्पन्नपैकी बहुतेक पत्त्यांवर माणसं आणि प्रसंग काढले. पेल्याच्या पंजीवर काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. लांब एक पूल आहे. नुसते पाच पेले दाखवून कोणाला बोलतं करता येत नाही. या चित्रापुढे मात्र माणूस बोलू लागतो.

स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं आणि ते जरा जास्तच घेतलं जातं. टॅरोवर त्यांनी ग्रंथ लिहिलेला नाही. मार्च १९३३ मध्ये झुरिकच्या एका व्याख्यानात त्यांनी ओघात एवढं सांगितलं की, ही मनातल्या प्रतिमांची चित्रं आहेत आणि अबोध मन जसं आपल्या ऐवजाशी खेळतं तसं माणूस या चित्रांशी खेळतो. त्यांची मुख्य कल्पना आदिबंधांची. मराठी समीक्षेनं हा शब्द पूर्वीच पचवलेला आहे. आई, शहाणा म्हातारा, फसवा, वीर, सावली अशा काही आकृत्या देशोदेशींच्या कथांत आणि स्वप्नांत पुन्हा पुन्हा येतात, त्या मनाच्या खोल घडणीतून येतात, असं त्यांचं म्हणणं. या दृष्टीनं टॅरोच्या बावीस पत्त्यांवर सॅली निकोल्स यांनी १९८० मध्ये सविस्तर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून या वाटेला गर्दी झाली.

मला जास्त रस वाटला तो एका आडबाजूच्या दुव्यात. युंग यांची ती व्याख्यानमाला ज्या अमेरिकन स्त्रीच्या मनःचित्रांवर आधारलेली होती, ती म्हणजे ख्रिस्तियाना मॉर्गन. याच बाईंनी पुढे हार्वर्डमध्ये हेन्री मरे यांच्याबरोबर १९३५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. संदिग्ध चित्र दाखवायचं आणि विचारायचं : इथे काय चाललंय, आधी काय घडलं असेल, पुढे काय होईल? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती 'टीएटी' म्हणून ठाऊक असते. उमा चौधरी यांनी तिचं भारतीय रूपही तयार केलं. तेव्हा चित्र पुढे ठेवून माणसाला त्याच्याच गोष्टीकडे नेणं ही काही आजची टूम नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. भाचीनं त्या बाईंची परवानगी घेऊन, नाव-गाव गाळून मला सांगितलेली ही हकिगत. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या चालूच ठेवल्या होत्या. विचारलं की एकच उत्तर : "माझं काही नाही हो, सगळं मुलगा बघतो." तीन बैठका याच वाक्यावर संपल्या. चौथ्या वेळी भाचीनं पत्ते मांडले. बाईंनी बराच वेळ घेऊन तलवारीची अठ्ठी उचलली. ओल्या, चिखलट जमिनीवर एक बाई उभी. अंगाभोवती दोर, डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला आठ तलवारी रोवलेल्या.

"हिला कोणी बांधलंय?" बाईंनीच विचारलं.

"तुम्हाला कोणी दिसतंय का?"

"नाही. बांधून गेलेत सगळे." मग थोड्या वेळानं, "पाय मोकळे आहेत हिचे."

भाची सांगत होती की, आपल्याला इथे 'बघा, तुमचेही पाय मोकळे आहेत!' असं म्हणण्याचा भयंकर मोह होतो आणि तो आवरणं हेच निम्मं शिक्षण. ती गप्प राहिली. बाईच पुढे म्हणाल्या, "पण डोळे बांधलेत तर जाणार कुठे? चिखल आहे." आणि मग पट्टीबद्दल बोलता बोलता पहिल्यांदा बाहेर आलं की यजमानांनी एक मोठं कर्ज घेतलं होतं, ते त्यांना माहीतच नव्हतं आणि अजूनही मुलगा नेमका आकडा सांगत नव्हता.

माझ्या नोकरीतली एकतीस वर्षं अशा बायका काउंटरसमोर पाहण्यात गेली. पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करायची, वर काय लिहिलंय ते विचारायचं नाही. बँकेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचं एक खातं असतं. रक्कम आली आहे पण ती कोणत्या खात्यात टाकायची ते कळत नाही, अशी रक्कम तात्पुरती तिथे ठेवायची म्हणजे दिवसाचा हिशेब जुळतो. चित्रातली ती 'बाई' म्हणजे मला असं खातं वाटतं. 'मी अडकले आहे, मला राग आलाय' हे स्वतःच्या नावावर टाकायला जड जातं. 'ही अडकली आहे' असं म्हणता येतं. पुढे सवडीनं रक्कम योग्य खात्यात वळवता येते. आम्हाला मात्र सक्त ताकीद असे की, हे खातं वेळच्या वेळी रिकामं झालं पाहिजे. चांगल्या समुपदेशकालाही ती असावी.

पुढच्या बैठकीत भाचीनं विचारलं, हिच्या शेजारी कोणाला उभं करावंसं वाटतं? बाईंनी 'सामर्थ्य' हा पत्ता हातात घेतला आणि परत ठेवला. या पत्त्यावर पांढऱ्या वस्त्रातली एक स्त्री सिंहाच्या जबड्यावर हात ठेवून उभी आहे. शस्त्र नाही, आवेश नाही. कमरेला फुलांची माळ. मिलानच्या जुन्या जोडात याच पत्त्यावर एक दांडगा पुरुष सोटा उगारून सिंहाला बडवताना दाखवलाय. सामर्थ्याची ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आपली देवीही सिंहाबरोबर असते, पण ती सिंहावर आरूढ, हाती आयुधं घेतलेली. तिचं भांडण महिषासुराशी, सिंह तिच्या बाजूचा. पामेलाच्या चित्रात सिंह कोणत्या बाजूचा हे अजून ठरायचंय. (जाता जाता : न्याय, संयम आणि सामर्थ्य हे युरोपीय परंपरेतले तीन सद्गुण या बावीस पत्त्यांत आहेत. चौथं, व्यवहारी शहाणपण, नाही.)

"मला ही बाई पटत नाही," आमच्या बाई म्हणाल्या. "सिंहाजवळ कोणी असं शांत उभं राहतं का?" हे उत्तर भाचीनं जसंच्या तसं लिहून घेतलं. तिला पटवायच्या फंदात ती पडली नाही. पुढे दोन आठवड्यांनी बाईंनी तोच पत्ता स्वतःहून मागितला. म्हणाल्या, "मला वाटत होतं सिंह म्हणजे मुलगा. नाही. सिंह म्हणजे मला ह्यांचा आलेला राग आहे. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं ना, म्हणून मी तोंड दाबून धरलंय." त्या दिवशी त्या खूप रडल्या. त्या महिन्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. बँकेत जाऊन कर्जखात्याचा उतारा मागितला आणि खात्याला जोडलेला मुलाचा मोबाइल नंबर बदलून स्वतःचा दिला. ओटीपी आता त्यांच्या फोनवर येतो. झोप लगेच आली असं नाही. मुलगा काही दिवस रुसला होता.

'हीलिंग' हा शब्द हल्ली साबणाच्या वेष्टनावरही असतो, म्हणून मी तो टाळते. पण बरं होणं म्हणून काही असेल तर त्याचा असा काही तरी आकार असावा.

तरीही सावधगिरी हवीच. टॅरोच्या पत्त्यांनी नैराश्य जातं असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं. काम करते ती गोष्ट सांगण्याची आणि कोणी तरी ती ऐकण्याची प्रक्रिया. पत्ता हे निमित्त. ज्यांना वास्तवाचं भान सुटण्याचा आजार आहे, ज्यांना आधीच जिथे तिथे खुणा आणि संकेत दिसतात, त्यांच्यापुढे अशी चित्रं ठेवूच नयेत. नुकत्याच दुःखात बुडालेल्या माणसाच्या हाती सांगाड्याचा पत्ता आला तर काय होईल, हेही पाहावं लागतं. पत्ते उताणे मांडण्याचं एक कारण तेच. आणि पत्त्यानं 'बरोब्बर माझंच सांगितलं' असं वाटलं तर बर्ट्रम फोरर यांना आठवावं. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं खास विश्लेषण' म्हणून एकेक कागद दिला. सगळ्यांना एकच मजकूर, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून जमवलेला. अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणून 'पत्ता तुमच्याबद्दल असं सांगतो' हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडी आलं की समजावं, टेबल बदललं. पदवी विचारावी, फी आधी विचारावी. लाजू नये, आम्ही कर्ज देताना काही कमी विचारत नव्हतो. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पत्ते, पुस्तकं सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतही.

राहिला एक प्रश्न, जो मी भाचीला विचारला : हे झगे, किल्ले, पोप आपल्या माणसाला कशाला? तळकोकणातल्या सावंतवाडीत आपलीच गंजिफा आहे. लाखेची झिलई दिलेले गोल पत्ते. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे एकशेवीस. संपत आलेली ही कला १९७०च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली. भाचीनं तिथून एक जोड आणवला. अडचण लगेच कळली : तिथल्या एक ते दहाच्या पत्त्यांवर प्रसंग नाहीत, नुसत्या मोजायच्या खुणा, पामेलाच्या आधीच्या पेल्यांसारख्या. म्हणून ती फक्त राजाचे दहा पत्ते मांडते. देवाच्या चित्राला लोक आधी नमस्कार करतात आणि मग बोलणं अवघडतं, ही दुसरी अडचण. पण सातारकडचे एक निवृत्त शिक्षक तिच्याकडे येत. त्यांनी कूर्माचा पत्ता उचलला, चष्मा वर करून न्याहाळला आणि म्हणाले, "मंदार पर्वत याच्या पाठीवर. पण हा पाण्यात आहे. मी जमिनीवर आहे." त्यानंतरचा तासभर ते भावाला जामीन राहिलेल्या कर्जाबद्दल बोलत होते.