बियाणे दुकानाचे, भाव बाजाराचा

आमच्या हिवरखेडचा शेतकरी पूर्वी घरच्या सरकीतूनच पुढल्या सालचे बियाणे राखीत असे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. हे वाण संकरित; त्याची सरकी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. म्हणून दरसाल पाकीट विकत घेणे आले. आरंभी बोंडअळी हटली, फवारणी घटली. पण पुढे गुलाबी बोंडअळी ते विष पचवू लागली. २०१७ साली तिने विदर्भातील बोंडे पोखरली. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले.

गिरणीकामगाराने मजुरीचा सौदा संघटनेच्या बळावर केला. शेतकरी मात्र बियाणे घेताना एकटा, कापूस विकतानाही एकटाच. हे एकटेपण मोडल्यावाचून नुसते नवे वाण आणून भागणार नाही, असे आम्हांस वाटते.