कागदाचा ओटा

अमेरिकेतल्या असंख्य स्वयंपाकघरांचा ओटा कागदाचा असतो. अगदी शब्दशः कागदाचा. आपल्याकडे ओटा म्हणजे कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट; तो उचलायलाच तीन-चार माणसं लागतात. तिथे मात्र पार्टिकल बोर्डाच्या फळीवर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाडीचं लॅमिनेट चिकटवतात, आणि जुना ओटा काढून नवा बसवण्याचं हे काम कितीतरी घरमालक सुट्टीच्या दिवसांत स्वतःच करतात. हे लॅमिनेट आपल्याही ओळखीचं आहे. कपाटांच्या दारांवर ते असतंच, आणि एका ब्रँडच्या नावावरून आपण त्याला सरसकट सनमायका म्हणतो. त्याची कापलेली कड एकदा निरखून पाहा. वर रंगाचा बारीकसा थर आणि खाली गडद तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजे क्राफ्ट कागद, ज्याची खाकी पाकिटं होतात त्याच जातीचा.

या कागदाचे पाच ते आठ ताव फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून वाळवतात. त्यांच्यावर एक छापील ताव येतो, मेलामाइन रेझिन प्यायलेला. संगमरवराच्या शिरा, सागवानाच्या रेषा, जे काही डोळ्यांना दिसतं ते सगळं या एका तावावरचं चित्र असतं. बहुतेकदा त्याच्यावर आणखी एक अतिशय पातळ कागद असतो. रेझिन शोषून दाबाखाली गेला की तो पारदर्शक होतो आणि चित्राचं रक्षण करतो. ही चवड पोलादी पत्र्यांच्या मध्ये ठेवून साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसला, दर चौरस इंचावर हजार पौंडांहून जास्त दाबाखाली दाबतात. आत जे घडतं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. रेझिनचे सुटे रेणू चहूबाजूंनी एकमेकांना जोडले जातात आणि कागदाच्या तंतूंभोवती एक सलग जाळं विणलं जातं. हे जाळं पुन्हा उसवत नाही. प्लास्टिकची बादली तापली की मऊ पडते. लॅमिनेट फार तापलं तर करपेल, फुगेल, पण वितळणार नाही. सात-आठ ताव आत गेले, बाहेर आली ती एकच अखंड वस्तू. पोलादी पत्रा गुळगुळीत असेल तर ती चकचकीत, खरखरीत असेल तर मॅट.

ओट्यासाठी म्हणून हे कुणी शोधलंच नव्हतं. लिओ बेकलँडने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट हे फिनॉलिक रेझिन बनवलं. पुढे पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीतले डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर हे दोन अभियंते या रेझिनवर काम करत होते. विजेच्या यंत्रांत तेव्हा विद्युतरोधक म्हणून अभ्रक वापरत. त्याला पर्याय त्यांना सापडला. १९१३ साली दोघांनी नोकरी सोडून सिनसिनाटीत स्वतःची कंपनी काढली, ती फॉर्मायका. म्हणजे सुरुवातीची वर्षं हा माल मोटारींच्या नि रेडिओच्या पोटात, कुणाला न दिसता काम करत होता. फिनॉलिक रेझिन मुळातच काळपट, त्यामुळे त्याला दर्शनी जागा मिळणं अवघड होतं. १९२०च्या दशकात त्या काळपट थरावर अपारदर्शक ताव घालून वर लाकडाचं चित्र छापायची युक्ती निघाली. १९३०चं दशक संपता संपता रंगहीन आणि कमालीचं कठीण असं मेलामाइन हाती आलं आणि पांढरा, फिका पिवळा, पोपटी असे सगळे रंग शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांमागून घरं उभी राहिली, त्या घरांत हा ओटा शिरला.

टेक्सासमधल्या टेंपल या गावी राल्फ विल्सन यांनी १९५६ साली लॅमिनेटची कंपनी काढली आणि १९५९मध्ये स्वतःचं घर बांधलं. ओटे, कपाटं, इतकंच काय, न्हाणीघराच्या भिंतीही लॅमिनेटच्या. आपला माल रोजच्या वापरात कसा टिकतो हे ते स्वतःच्या घरात राहूनच पाहत होते. हे घर आज अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे.

आता हे काम घरी करायचं, तर ध्यानात ठेवायचं ते एवढंच की रेझिन प्याला तरी कागद आपला स्वभाव सोडत नाही. तो हवेतला दमटपणा घेतो आणि सोडतो. म्हणून नवी शीट आणि फळी ज्या खोलीत बसवायची तिथे दोन दिवस आधी आणून ठेवतात. कागद बनताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागलेले असतात, त्यामुळे लॅमिनेट लांबीच्या मानाने रुंदीत जवळपास दुप्पट हलतं. शिवाय फळीच्या एकाच अंगाला लॅमिनेट लावलं तर दोन्ही अंगांनी ओल सारखी आत-बाहेर होत नाही, आणि उन्हात घातलेला पापड एका बाजूने वळावा तशी फळी वळू पाहते. भक्कम कपाटांवर स्क्रूने आवळलेल्या ओट्याला हे फारसं जाणवत नाही. पण पुढे आलेल्या, आधार नसलेल्या भागाला खालूनही एक साधी शीट लावलेली बरी.

सगळ्यात थरारक भाग चिकटवण्याचा. आपल्याकडचे सुतार पांढरा फेविकॉल लावून, वर वजन ठेवून रात्रभर सोडतात; त्यातलं पाणी निघून जायला वेळ लागतो, आणि तोवर शीट सरकवून नीट करता येते. अमेरिकेत घरच्या घरी वापरतात तो बहुधा कॉन्टॅक्ट सिमेंट, आपल्याकडच्या फेविकॉल एसआरच्या जातीचा. त्याचा गाभा म्हणजे ड्युपॉन्टने १९३१ साली जाहीर केलेलं निओप्रीन हे कृत्रिम रबर. तो फळीवरही लावायचा आणि शीटच्या पाठीवरही, मग दोन्ही वाळू द्यायचे. बोटाला चिकटेनासा झाला की तयार. वाळलेला गोंद कसा चिकटेल असं वाटतं. पण दोन थर टेकले की रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्या सीमा ओलांडून एकमेकींत शिरतात आणि तिथेच स्फटिकासारख्या घट्ट बसतात. टेकलं की टेकलं, मग सरकवायची सोय नाही. म्हणून फळीवर थोड्या थोड्या अंतराने लाकडी पट्ट्या ठेवतात, त्यांच्यावर शीट अधांतरी जुळवतात आणि मधल्या पट्टीपासून एकेक काढत बाहेरच्या दिशेने दाबत जातात, म्हणजे हवा अडकत नाही. मग छोटा रबरी रूळ अंगाचा जोर देऊन फिरवायचा. किती वेळ दाबलं याला इथे महत्त्व नाही, किती जोरात दाबलं याला आहे. या गोंदाची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि जुन्या गॅस शेगडीत सतत तेवणारी ज्योत असेल तर ती आधीच बंद.

शीट मुद्दाम चहूबाजूंनी थोडी मोठी कापलेली असते. पुढच्या कडेची पट्टी आधी लावतात, वरची शीट नंतर, म्हणजे ओटा पुसताना पाणी सांध्यात ढकललं जात नाही. वाढीव भाग राउटर नावाच्या, वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्राने काढतात. त्याच्या पात्याखाली एक बेअरिंग असतं, ते कडेला टेकून फिरतं आणि पातं शीट बरोब्बर कडेच्या रेषेत छाटत जातं. सिंकसाठी भोक पाडताना मात्र कोपरे गोल ठेवायचे. अणकुचीदार आतल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो, आणि कागद ओलीने आखडला-पसरला की चीर तिथूनच निघते. त्या भोकाची उघडी कड सील करायलाच हवी. वरचं मेलामाइन पाण्याला दाद देत नाही, पण खालचा पार्टिकल बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि पुन्हा बसत नाही. लॅमिनेटचे ओटे मरतात ते बहुधा झिजून नव्हे, सिंकच्या काठाशी भिजून.

मागची भिंत कधीच सरळ नसते. तिचा वेडावाकडा आकार पेन्सिलीने ओट्याच्या मागच्या कडेवर उतरवून घ्यायचा आणि तेवढं घासायचं, हे या कामातलं सगळ्यात निगुतीचं काम. मला तरी तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

बाकी राहतं रोजचं वागणं. थेट शेगडीवरची कढई यावर ठेवायची नाही. साधारण १३५ अंशांच्या पुढे गोंद आणि रेझिन दोन्ही धोक्यात येतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पांढऱ्या ओट्याची खरी परीक्षा घेते ती हळद. तिचा डाग लगेच पुसावा. तरी उरला, तर खिडकीतून येणारं ऊन त्यावर पडू द्यावं. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन प्रकाशात विघटित होतं.