बाटली छोटी, झाकण अवघड

भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. उत्पादन, विक्री, जाहिरात तर सोडाच, साठा करणंही गुन्हा. मग तिच्या द्रवाच्या बाटल्यांची चौकशी आपण कशाला करायची? तर आपल्यापैकी अनेक आजी-आजोबा नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने इंग्लंड-अमेरिकेत जातात. तिथे हा द्रव दुकानात मिळतो आणि घराघरांत असतो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचे अर्क आणि बहुधा निकोटीन, असं हे मिश्रण. तंबाखूतलं हेच निकोटीन पूर्वी पिकांवर कीटकनाशक म्हणून फवारत. ते कातडीतूनही अंगात भिनतं. आणि वास मात्र आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा! पोराला ते सरबत वाटलं तर त्याचा काय दोष?

उजेड आणि हवा लागली की निकोटीन तपकिरी पडतं. म्हणून जास्त दिवस ठेवायचं असेल तर औषधवाल्यांकडे असते तशी तपकिरी काचेची बाटली उत्तम. काच अर्काशी झगडत नाही. पडली तर फुटते, एवढाच तिचा दोष. यंत्रात भरायला मात्र दाबता येणारी मऊ प्लॅस्टिकची, बारीक तोंडाची बाटली सोयीची. तिच्यातून थेंब मोजून पडतो. पण मऊ प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू आत जाते, म्हणून त्यात थोडंच भरावं. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लॅस्टिक हवा बऱ्यापैकी अडवतं, पण ते कडक, नीट दाबलं जात नाही. लिंबू, दालचिनी यांचे अर्क काही कडक पारदर्शक प्लॅस्टिकला तडे पाडतात, हेही ध्यानात असू द्या.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांनुसार निकोटीनची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन चालत नाही. ब्रिटननेही ही मर्यादा पाळली आहे. म्हणजे एका बाटलीत फार तर २०० मिलिग्रॅम. लहान मुलाच्या दृष्टीनं हेसुद्धा खूपच. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या कायद्यानं मुलांना सहज न उघडणारं झाकण सक्तीचं केलं.

आता हे झाकण. दाबून फिरवायचं, म्हणजे आपल्याच सांधेदुखीच्या बोटांना छळणारं! पण त्याची परीक्षा कशी घेतात पाहा. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हाती बाटली देतात. उघडून दाखवल्यानंतरही शंभरातल्या ऐंशी मुलांना ती उघडता आली नाही, तर झाकण पास. उरलेली वीस उघडू शकतात, हे विसरू नये. म्हणून बाटली कुलपातच हवी.

मूळ बाटलीतून दुसऱ्या साध्या बाटलीत ओतलं, की झाकण आणि चिठ्ठी, दोन्ही आधार जातात. आपल्याकडे थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल, फिनेल भरतात, तोच हा प्रकार. हातावर सांडलं तर लगेच साबणपाण्यानं धुवा. मुलाच्या पोटात गेल्याची शंका आली, तर ओकारी काढत बसू नका. तडक रुग्णालय गाठा आणि बाटली बरोबर न्या. निकोटीन किती, हे डॉक्टरांना तिच्या चिठ्ठीवरूनच कळेल.