दुधाविना केक आणि तंजावूरचा नारळ

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेला ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या मुदपाकखान्याशी निगडित असून, त्या राजवाड्यात ब्राह्मणी शाकाहारी, मराठा सामिष आणि इंग्रजी अशा तीन धाटणींचा स्वयंपाक स्वतंत्रपणे चालत असे. इंग्रजी पद्धतीचे अन्न तेथील मराठी घराण्याला दोनशे वर्षांपूर्वीच परिचित होते, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला नारळ तर त्याहून कितीतरी जुना. केक, पाव आणि बिस्किटे यांत गाईम्हशीच्या दुधाऐवजी काय वापरावे, या आज अनेक घरांत निघणाऱ्या प्रश्नाचा विचार तंजावुरातून सुरू करणे म्हणूनच उचित ठरते.

हा प्रश्न पडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. बालपण सरल्यावर अनेकांत ते कमी होते आणि दूध प्यायल्यावर पोट फुगते किंवा जुलाब होतात. दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट आहे: त्यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा केसीन आणि निवळीतील प्रथिनांवर प्रतिक्रिया देते, आणि ती क्वचित प्राणघातकही ठरते. याखेरीज तत्त्व म्हणून प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारेही आहेत.

पर्याय निवडण्यापूर्वी दूध केकमध्ये नेमके काय करते हे पाहिले पाहिजे. दुधाचा सुमारे 87 टक्के भाग पाणी असते आणि ते मैद्यातील पिष्ट शिजवते. स्निग्धांश केक मऊ ठेवतो. प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन केकच्या जाळीला आधार देतात. आणि प्रथिने व लॅक्टोज यांच्या परस्परक्रियेतून वरच्या कवचाला खरपूस तांबूस रंग चढतो. ही कामे कोणताही एक वनस्पतिजन्य द्रव जशीच्या तशी करत नाही. म्हणून कोणते काम अपुरे पडते ते ओळखून भर घालणे, हाच खरा मार्ग आहे.

स्निग्धांशाच्या बाबतीत नारळाच्या दुधाला तोड नाही. तमिळ घरांत ‘थेंगाय पाल’ म्हणून ओळखले जाणारे हे दूध खवणलेले खोबरे कोमट पाण्यासह वाटून, पिळून काढतात. पहिल्या पिळणीचे दूध घट्ट असते, आणि त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरे, तिसरे दूध निघते. पहिल्या दुधात स्निग्धांश साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असतो, तर गाईच्या दुधात तो चारच्या आसपास. म्हणून घट्ट दूध तसेच ओतल्यास केक जड आणि तेलकट होतो. घट्ट दुधात दीड ते दोन पट पाणी मिसळावे, किंवा दुसरे दूध वापरावे, आणि कृतीतील तेल थोडे कमी करावे. नारळाचे तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसला गोठत असल्यामुळे असा केक शीतकपाटात कडक लागतो, पण तंजावूरच्या हवेत बाहेर ठेवल्यास मऊच राहतो. नारळाच्या दुधाने भाजलेले पदार्थ उत्तम होतात याचा पुरावा गोव्यात पूर्वापार आहे: 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बेबिंका नारळाचे दूध, अंड्यातील पिवळा बलक, साखर आणि मैदा यांचे थर वरून निखाऱ्यांची आच देत एकेक करून भाजला जातो, मात्र त्यात तूपही असते, हे विसरू नये.

तंजावूर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै आणि पेरावुरणी हा नारळाचा पट्टा 16 नोव्हेंबर 2018 च्या ‘गजा’ चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. नव्याने लावलेला माड फळाला यायला वर्षे लागतात. म्हणून अशा बागायतदारांना आधार म्हणून तेथील घरांनी परगावच्या बदामाच्या पेयाआधी जवळच्या नारळाचा विचार करावा, यात केवळ चवीचा प्रश्न नाही.

नारळ उणा पडतो तो प्रथिनांत आणि रंगात. ही उणीव सोयाबीन व शेंगदाणा भरून काढतात, आणि अशा पर्यायांवरील संशोधनाचा धागाही तंजावूरशी जुळतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांनी सहकाऱ्यांसह शेंगदाण्याचे दूध व दही यांवर काम केले. पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या भात प्रक्रिया संशोधन केंद्राचे रूपांतर होत होत आजची तंजावूरची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था घडली, जिला 2021 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. सोयाबीनच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास असल्याने पाव आणि अंडेविरहित केक यांत ते सर्वांत भरवशाचे ठरते. फक्त घरी करताना ते चांगले उकळावे, म्हणजे कच्चा वास आणि पचनास अडथळा आणणारे घटक दोन्ही जातात. नारळाच्या दुधाच्या केकमध्ये साखरेच्या काही भागाऐवजी गूळ घातला तर रंगाची उणीवही बरीच भरून निघते.

बदामाचे दूध पातळ आणि महाग, तांदळाचे त्याहून पातळ. ओट्सचे दूध पिष्टामुळे केक ओलसर ठेवते, पण ते करताना ओट्स थंड पाण्यात थोडाच वेळ फिरवावेत, अन्यथा दूध चिकट होते.

दही किंवा ताक सांगितलेल्या कृतींत आंबटपणा आवश्यक असतो, कारण खाण्याच्या सोड्याशी त्याची क्रिया होऊनच केक फुगतो. एक कप सोयाच्या दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घातल्यास ते फाटून दाट होते. नारळाचे दूध तसे फाटत नाही, तरी सोड्यासाठी त्यात घातलेल्या लिंबाचा आंबटपणा पुरतो.

शेवटी वाचकांना एक आग्रहाची विनंती: ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी भाजताना तूप, लोणी आणि दुधाची भुकटी मिसळलेले मार्गारीन हेही टाळावे, वेष्टनावरील घटकांची यादी दर खेपेस वाचावी, आणि सोया, शेंगदाणा किंवा बदाम यांचीही ॲलर्जी त्या व्यक्तीला नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.