वैशाखातले पाणी

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 100 मिलिमीटर पाणी पडते. म्हणजे कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी जेवढे पाणी पागोळ्यांनी वाहून जाते, तेवढ्यावर लडाखच्या शेतकऱ्याने वर्ष काढावयाचे. तरीही त्या उजाड पर्वतांच्या पायथ्याशी जवाची शेते आणि जर्दाळूच्या बागा शतकानुशतके नांदत आल्या, याचे इंगित असे की तेथील शेती मेघांवर नव्हे, तर डोंगरमाथ्यावरील हिमाच्या खजिन्यावर चालते. कोणाच्या पाटात किती वेळ पाणी सोडावयाचे, हे ठरविण्यासाठी गावाने नेमलेला ‘चुरपोन’ असतो. धुळ्याकडील पांझरेकाठची सामूहिक पाणीवाटपाची फडपद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आपल्या पाटकऱ्याचे हे दूरचे भावंड ओळखावयास अडचण पडू नये.

हवा तापली की हिम अधिक वितळेल, सबब पाणीही वाढेल, असा तर्क कोणी करील, आणि काही काळापुरता तो खोटाही नाही. ज्या गावाच्या डोक्यावर मोठी हिमनदी आहे, त्याला आरंभी ओढा भरलेलाच दिसतो. मात्र तो मुद्दलाला हात घालून केलेला खर्च होय. त्याहून बारीक, आणि माझ्या मते अधिक जाचक, अडचण आहे ती वेळेची. जवाची पेरणी वैशाखाच्या सुमारास उरकलीच पाहिजे, कारण शरदातल्या कडाक्यापूर्वी कणीस पिकले नाही तर हंगाम बुडाला. उलट हिमनद्या 5,000 मीटरांहून उंच असल्यामुळे त्या पुरत्या पाझरू लागतात जूनमध्ये. मधली ही खिंड ज्याने लढवावयाची, ते खालच्या उतारांवरील हिवाळी बर्फच आता कमी पडते, लवकर वितळते, आणि पेरणीपूर्वीच ओढ्याने निघून जाते.

चेवांग नोरफेल या लडाखी स्थापत्य अभियंत्याने नेमकी हीच गाठ ओळखली. हिवाळ्यात निष्कारण वाहून जाणारे पाणी सावलीच्या दरीत वळवावयाचे, दगडी बांधांनी त्याची गती मोडावयाची आणि ते थरावर थर गोठू द्यावयाचे, अशी त्यांची तजवीज. हा साठा नैसर्गिक हिमनदीहून पुष्कळ खाली असल्यामुळे पेरणीच्या वेळीच पाझरू लागतो. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी सावलीची अटही काढून टाकली: वरच्या ओढ्याचे पाणी नळीने खाली आणले की ते आपल्याच दाबाने कारंज्यासारखे उसळते, गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या हवेत शिंतोडे पडता पडता थिजतात, आणि त्यांचा शंकूच्या आकाराचा स्तूप उभा राहतो. पसरट बर्फाच्या मानाने अशा शंकूचे घनफळ मोठे असून उन्हाला सापडणारा पृष्ठभाग थोडा असतो, म्हणून तो उन्हाळ्यात बराच काळ टिकतो. युक्ती नामी खरी; पण तिला हिवाळ्यात वाहता ओढा लागतो आणि कडाक्याची थंडीही.

ओढाच उरला नाही तर काय होते, ते लडाखातल्याच जंस्कार खोऱ्यातील कुमिक गावात दिसते. त्या गावाची भिस्त माथ्यावरच्या बर्फावर होती. ते आटत गेले तसा ओढाही आटला. अखेर गावकऱ्यांनी नदीजवळच्या ओसाड माळावर नवी घरे बांधावयास घेतली आणि त्या माळापर्यंत पाणी यावे म्हणून दूरवरून कालवा खणावयास आरंभ केला.