माशाच्या पोटातील जंतू

‘ब-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतींना तयार करता येत नाही, प्राण्यांनाही नाही. ती विद्या केवळ सूक्ष्म जंतूंची. तळ्यात पाळला जाणारा सायप्रिनस मासा खाद्यात ते नसले तरी सुखाने वाढतो. त्याच्या आतड्यातील ‘सेटोबॅक्टेरियम’ जंतू ते त्याला पुरवितात. जपानी ईल या सर्पाकार माशाला हे भाग्य नाही. रोग आला की मत्स्यपालक खाद्यात प्रतिजैविक मिसळतो, आणि औषध मित्र-शत्रू ओळखीत नाही! जपानमध्ये कोझासा यांनी निराळी वाट धरली. ‘बुरी’ नावाच्या सागरी माशाच्या खाद्यात बॅसिलस जातीच्या उपकारक जंतूंचे बीजाणू मिसळल्याने वाढ अधिक होते, असे त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. मात्र हे पाहुणे आतड्यात क्वचितच ठाण मांडतात; खुराक थांबला की काही दिवसांत नाहीसे होतात.